नर्स प्रॅक्टिशनर : एका पदाची घडण आणि नवपदवीधरांपुढील निवडी

व्यवसायाची निवड ही व्यक्तीची खाजगी बाब होय, असे सामान्यतः मानले जाते. परंतु जो व्यवसाय स्वतःच अद्याप घडत असतो, त्यात प्रवेश करणाऱ्याच्या निवडीवर त्या व्यवसायातील न मिटलेल्या वादांची छाया पडल्यावाचून राहत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ साली उदयास आलेले ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे पद याचे बोलके उदाहरण आहे. शिक्षण कोणत्या पदवीपर्यंत घ्यावे, कोणत्या रुग्णवर्गासाठी घ्यावे, व्यवसाय कोणत्या राज्यात करावा आणि पदवीनंतर लगेच नोकरी धरावी की आणखी प्रशिक्षण घ्यावे, हे चार प्रश्न तेथील प्रत्येक नवपदवीधर परिचारिकेपुढे उभे राहतात. या चारही प्रश्नांना स्वतंत्र इतिहास आहे. तो ध्यानात घेतला म्हणजे ही निवड वाटते तितकी मोकळी का नाही, याचा उलगडा होतो.

या पदाचा आरंभ कोलोरॅडो विद्यापीठात झाला. सार्वजनिक आरोग्यसेवेत काम केलेल्या परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी तेथे एक प्रायोगिक अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांचा ओढा विशेषज्ञतेकडे वाढल्यामुळे ग्रामीण आणि गरीब वस्त्यांतील मुलांना प्राथमिक वैद्यकीय सेवा मिळणे दुरापास्त झाले होते. अनुभवी परिचारिकांना मुलांची संपूर्ण तपासणी, वाढीचे मूल्यमापन आणि सामान्य आजारांची हाताळणी शिकवावी, अशी ही योजना होती. मेडिकेअर व मेडिकेड या शासकीय योजनांचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला आणि सेवेची मागणी एकाएकी वाढली. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी नौदलातील माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ हा दुसरा अभ्यासक्रम सुरू केला. एकाच उणिवेतून निघालेल्या या दोन पदांच्या नावांतच त्यांच्या भूमिकांतील भेद स्पष्ट होतो. एक पद डॉक्टरचा साहाय्यक म्हणून ओळखले गेले. दुसऱ्याने ‘प्रॅक्टिशनर’, म्हणजे स्वतः व्यवसाय करणारा, ही संज्ञा धारण केली.

ही संज्ञा धारण करणे सोपे होते. ती कायद्यात रुजविणे मात्र कठीण ठरले. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९५५ साली परिचर्येची जी व्याख्या केली होती, तीत रोगनिदान करणे व उपचार लिहून देणे या क्रिया स्पष्टपणे वगळलेल्या होत्या. अनेक राज्यांनी तीच व्याख्या आपल्या कायद्यांत उतरवून घेतली. त्यामुळे कोलोरॅडोच्या धर्तीवर शिकलेली परिचारिका जे काम कौशल्याने करू शकत होती, ते करण्याचा अधिकार तिला होता की नाही, हे एका शब्दावर अवलंबून राहिले. तो शब्द म्हणजे ‘निदान’. १९७१ साली आयडाहो राज्याने निदान व उपचार यांचा परिचारिकेच्या कार्यकक्षेत समावेश करण्यास प्रथम कायदेशीर मान्यता दिली. १९७२ साली न्यूयॉर्क राज्याने वेगळा मार्ग काढला. परिचारिका निदान करते, परंतु ते रोगाचे नव्हे, तर आरोग्यविषयक समस्यांना माणूस देत असलेल्या प्रतिसादाचे, अशी तेथील नवी व्याख्या होती. शब्द स्वीकारून त्याचे कर्म बदलण्याची ही युक्ती संज्ञेच्या इतिहासात लक्षणीय आहे. पुढे १९८३ साली मिसूरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न खटल्याच्या रूपाने आला. कुटुंबनियोजन केंद्रातील परिचारिका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्थायी सूचनांनुसार तपासण्या करीत व गर्भनिरोधके देत. हे काम परिचर्येच्याच कक्षेत येते, असा निर्णय न्यायालयाने दिला.

परिचर्येचे नियमन राज्यांकडे असल्यामुळे या वादाचा निकाल सर्वत्र सारखा लागला नाही. आज निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी करार न करता तपासणी, निदान व औषधयोजना करता येते. उरलेल्या राज्यांत कमीअधिक प्रमाणात करार किंवा देखरेख आवश्यक आहे. सारांश, एकच पदवी राज्याची सीमा ओलांडताच निराळा अधिकार देते. म्हणून नवपदवीधरेच्या बाबतीत राहण्याचे ठिकाण निवडणे हे व्यवसायाची व्याप्ती निवडण्यासारखेच असते.

विरोध केवळ वैद्यकांकडून झाला असे समजणे चुकीचे ठरेल. परिचर्याशास्त्राच्या ख्यातनाम अभ्यासक मार्था रॉजर्स यांनी या पदावर कठोर टीका केली. परिचारिकेला वैद्यकाची कामे देणे म्हणजे तिला परिचर्येपासूनच दूर नेणे होय, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. कारण अल्प मुदतीचे अनेक आरंभीचे अभ्यासक्रम प्रमाणपत्रापुरते होते आणि विद्यापीठीय परिचर्याशिक्षणाशी त्यांचा सांधा जुळलेला नव्हता. दुसरीकडे १९६० च्या दशकाअखेरीस बोस्टन कॉलेजसारख्या संस्थांनी हे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर आणण्यास प्रारंभ केला. प्रमाणपत्राचा मार्ग क्रमाक्रमाने मागे पडला आणि मास्टर्स ही प्रवेशाची मान्य पदवी बनली.

पदाची उपयुक्तता सिद्ध करण्याचे काम दरम्यान संशोधनाने केले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात बर्लिंग्टन येथे झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले. नर्स प्रॅक्टिशनरकडे सोपविलेल्या कुटुंबांची प्रकृती डॉक्टरांकडील कुटुंबांपेक्षा उणी आढळली नाही. मात्र परिचारिकेच्या सेवेचे शुल्क आकारण्याची मुभा नसल्याने दवाखान्याचे उत्पन्न घटले. न्यूयॉर्क येथे १,३१६ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच समतेचा होता. परंतु गुणवत्ता सिद्ध झाली तरी मोबदला आपोआप मिळत नाही. १९७७ च्या कायद्याने ग्रामीण चिकित्सालयांतील सेवेला मोबदला मिळू लागला, आणि १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरमधून सर्व ठिकाणी थेट मोबदल्याची सोय झाली. तीही डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के.

रुग्णवर्गाची निवड हा प्रश्न २००८ च्या राष्ट्रीय सहमती-आराखड्याने अधिक कडक केला. कुटुंब, प्रौढ व वृद्ध, नवजात, बालक, स्त्रीआरोग्य आणि मानसिक आरोग्य असे सहा वर्ग त्यात ठरविण्यात आले आणि शिक्षण, प्रमाणन व परवाना यांची सांगड त्याच वर्गाशी घालण्यात आली. पूर्वी रुग्णालयातील परिचारिका अनुभवाच्या बळावर एका विभागातून दुसऱ्यात जाऊ शकत असे. आता बालरुग्णांसाठी शिकलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला प्रौढांकडे वळावयाचे झाल्यास नवे शिक्षण व नवे प्रमाणन घ्यावे लागते. विद्यार्थिदशेत, पुरेसा अनुभव येण्यापूर्वीच, केलेली निवड त्यामुळे दीर्घकाळ बांधून ठेवते.

पदवीचा प्रश्नही मिटला असे नाही. २००४ साली अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने असा ठराव केला की, २०१५ पर्यंत या पदासाठी व्यावसायिक डॉक्टरेट ही प्रवेशाची पदवी व्हावी. ती मुदत उलटली, तरी मास्टर्सचे अभ्यासक्रम चालूच राहिले. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ साली २०२५ हे नवे लक्ष्य ठरविले. तथापि मास्टर्सचा मार्ग बंद झाला नाही. अधिक वर्षे व अधिक कर्ज पत्करून डॉक्टरेट घ्यावी, की मास्टर्सनंतर कामाला लागावे, याचा निर्णय संस्थांना एकमताने करता आला नाही. तो विद्यार्थिनीच्या पदरी टाकण्यात आला.

चौथा प्रश्न पहिल्या नोकरीचा. १९६५ ची विद्यार्थिनी आधीच मुरलेली परिचारिका होती. पुढे मात्र अल्प अनुभवाच्या विद्यार्थिनीही या शिक्षणाकडे वळल्या. डॉक्टरांना पदवीनंतर निवासी प्रशिक्षणाची वर्षे लाभतात. नर्स प्रॅक्टिशनरला पहिल्याच दिवशी रुग्णांची पूर्ण यादी हाती घ्यावी लागे. ही उणीव ओळखून कनेटिकट राज्यातील कम्युनिटी हेल्थ सेंटर या संस्थेने २००७ साली एक वर्षाचे निवासी प्रशिक्षण सुरू केले. त्याचे अनुकरण इतरत्र झाले, परंतु ते ऐच्छिकच राहिले.

भारतात या संकल्पनेचा प्रवेश निराळ्या दाराने झाला. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास जो दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला, तो गावातील बालचिकित्सेसाठी नव्हे, तर अतिदक्षता विभागासाठी. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची दुसरी वाट उघडली. अमेरिकेत प्रशिक्षण आधी आले, आणि कायदा, मोबदला व निवासी प्रशिक्षण ही मागाहून, कित्येक दशकांच्या अंतराने आली. त्या अंतराची किंमत प्रत्येक पिढीतील नवपदवीधर परिचारिकांनी मोजली.

लोरेटा फोर्ड २०२५ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी सुरू केलेल्या पदावर आज लाखो परिचारिका काम करीत आहेत. या साठ वर्षांचा निष्कर्ष असा की, नव्या पदाची निर्मिती ही केवळ अभ्यासक्रमाची बाब नसते. अधिकार कोणता, मोबदला कोणता आणि शिकविणार कोण, या प्रश्नांची उत्तरे संस्थांनी आधी दिली नाहीत, तर ती देण्याचा भार ज्यांच्याजवळ सर्वांत कमी अनुभव व सर्वांत कमी सामर्थ्य असते, त्या नवागतांवर येऊन पडतो.