निघण्याआधीची निरवानिरव

१९१९ हे साल शाळेत आम्ही शिकवायचो ते दोन गोष्टींसाठी. एक जालियनवाला बाग आणि दुसरा व्हर्सायचा तह. त्याच वर्षी अमेरिकेत आणखी दोन गोष्टी घडल्या. त्या आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी नव्हत्या, पण आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

पहिली अशी. जुलै १९१९ मध्ये अमेरिकन लष्कराचा मोटारगाड्यांचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. अंतर सुमारे ५,२०० किलोमीटर. पोचायला ६२ दिवस लागले! रस्ते म्हणजे चिखल, वाळू आणि मोडके पूल. त्या तांड्यात आयझेनहॉवर नावाचा २८ वर्षांचा एक अधिकारी होता. पुढे तो सेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ साली त्याने महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचे रस्ते त्यातून उभे राहायचे होते. दुसऱ्या महायुद्धात पाहिलेले जर्मनीचे रस्ते त्याच्या मनात होतेच, पण १९१९ चा तो चिखलही तो विसरला नव्हता.

दुसरी गोष्ट फ्लोरिडातल्या टँपा शहरातली. तिथल्या एका बागेत तंबू ठोकून राहिलेल्या मोटारवाल्यांनी १९१९ मध्येच एक संघटना काढली. नाव ‘टिन कॅन टुरिस्ट्स’, म्हणजे आपल्या भाषेत ‘डबेवाले प्रवासी’. गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा डबा डकवलेला असला की समजायचं, हा आपला माणूस. थंडी सुरू झाली की उत्तरेकडची ही मंडळी गाडीला राहुटी नाहीतर ट्रेलर जोडून दक्षिणेला उतरायची आणि उन्हाळा आला की परत घरी.

आता म्हणाल, निवृत्त बाईंना हे अमेरिकापुराण कुठून सुचलं? तर त्याचं कारण घरातलंच आहे. माझी धाकटी बहीण आणि आमचे मेव्हणे. मेव्हणे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता दोघांनी ठरवलंय की भाड्याची जागा सोडायची, एक मोठी गाडी घ्यायची, तिच्यातच झोपायची-रांधायची सोय करायची आणि देशभर फिरत राहायचं. मुलगा परदेशी. मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, “ताई, इतकी वर्षं यांच्या बदल्यांमागे मी ट्रंका बांधल्या. आता एकदा माझ्या मर्जीनं निघायचंय.” यावर काय बोलणार? मी मोडता घातला नाही. पण इतिहासाची शिक्षिका ती शिक्षिकाच. असं आधी कुणी केलंय, आणि त्यांचं पुढे काय झालं, हे शोधत बसले.

आपल्याकडे म्हातारपणी घर सोडून निघणं नवं नाही. पण जुन्या काळी ते अंगातल्या ताकदीवर ठरायचं. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, लुटले गेले, तरी परत येताना खांद्यावर गंगेची कावड घेऊन आले. कशासाठी? आईवडिलांना गंगास्नान घडावं म्हणून. म्हातारे गंगेकडे जाऊ शकत नव्हते, म्हणून गंगाच त्यांच्याकडे आणावी लागली. पुढे आगगाडी आली आणि म्हाताऱ्या माणसांनाही काशी आवाक्यात आली.

अमेरिकेत म्हाताऱ्यांना रस्त्यावर आणलं ते मुख्यतः रस्त्यांनी आणि पेन्शनने. सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ चा. पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये एका निवृत्त बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. दरमहा घरबसल्या पैसे येणार म्हटल्यावर माणूस शेताला किंवा दुकानाला बांधलेला राहत नाही.

त्यात माजी सैनिकांची एक वेगळीच गोष्ट आहे. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्यांना सरकारी खर्चाने शिकायची सोय मिळाली. लाखो तरुण कॉलेजांत शिरले, त्यांत लग्न झालेलेही पुष्कळ. घरं मिळेनात. मग अनेक विद्यापीठांनी आवारात ट्रेलर उभे केले. नळ सामाईक, न्हाणीघर सामाईक आणि एवढ्याशा जागेत नवरा, बायको, तान्हं मूल आणि पुस्तकं. माझा आपला तर्क असा, की ज्या जोडप्यांनी विशीत असा संसार केला, त्यांना साठीत चाकांवरच्या घराचं भय वाटलं नसणार. आपल्या फौजी बायकांचंही तेच. दोन खोल्यांचा संसार दोन ट्रंकांत बसवायची विद्या त्यांना आधीच अवगत असते.

१९६६ पासून आयोवातल्या विनेबागो कंपनीची मोटरहोम निघू लागली आणि हे वेड मध्यमवर्गात पसरलं. कुणी वर्षातून चार महिने फिरायचे, तर कुणी घर विकून कायमचे निघायचे. जो आणि के पीटरसन हे त्यांतलेच एक जोडपं. तो इलेक्ट्रिशियन, ती नर्स. त्यांनी १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ नावाचा क्लब काढला. या क्लबचा इतिहास वाचताना मला खरी गंमत कळली.

मला वाटत होतं, अशा लोकांची अडचण म्हणजे पेट्रोल, पंक्चर आणि सांडपाण्याची टाकी. ते तर आहेच. पण सगळ्यात मोठी अडचण निघाली पत्त्याची! घर विकलं, आता टपाल कुठे येणार? लायसन्स कुठल्या राज्याचं? विमा कुठला? मत कुठे द्यायचं? क्लबने टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन या लहानशा गावी टपालाची व्यवस्था केली आणि गावात कधीतरीच दिसणाऱ्या हजारो माणसांचा तो पत्ता झाला. साउथ डकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाच्या पावतीवर अशा फिरस्त्यांना लायसन्स मिळतं. पण २०२३ मध्ये तिथे कायदा झाला की मतदार व्हायचं तर ३० दिवस राहायला हवं. म्हणजे बघा, जो घर सोडून जातो त्यालाच पत्त्याचा सगळ्यात जास्त विचार करावा लागतो.

दुसरी अडचण त्याहून अवघड. दोघांतला एक आजारी पडला तर? नवऱ्याला दिसेनासं झालं आणि बायकोने ती अवजड गाडी कधी चालवलेलीच नसेल तर? म्हणून हा क्लब नवख्यांसाठी शिबिरं घेतो, आणि जुनी मंडळी सांगतात की गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे. पुढे लिव्हिंगस्टनलाच त्यांनी एक केंद्र काढलं. ज्यांना आता प्रवास झेपत नाही, ते आपली गाडी तिथे कायमची लावतात, राहतात आपल्याच गाडीत, आणि जेवणाखाण्याची, देखभालीची मदत केंद्राकडून मिळते. ज्यांनी थांबायचं नाही म्हणून घरं विकली, त्यांनीच थांबायची जागा बांधली. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

सगळ्यांना ही चैन परवडते असं नाही, हेही सांगायला हवं. २००८ च्या मंदीनंतर घर गमावलेले कितीतरी वृद्ध व्हॅनमध्ये राहू लागले आणि गोदामांत, शेतांत हंगामी कामं करत फिरले. जेसिका ब्रूडर यांनी त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिलं, पुढे त्यावर सिनेमाही आला. रस्ता तोच, गाडीही तशीच. फरक एवढाच की एकाला परतायला जागा आहे आणि दुसऱ्याला नाही.

इथे मला आपले जुने लोक आठवले. काशीला निघण्याआधी ते निरवानिरव करायचे. देणी फेडायची, दागिना कुणाचा, वाटा कुणाचा ते सांगून ठेवायचं. परत येऊ न येऊ! पण तेवढंच नाही. सुखरूप परत आलं की मावंदं घालायचं, चार पानं जेवायला बसवायची. निघताना निरवानिरव आणि परतल्यावर मावंदं, दोन्ही मिळून यात्रा पुरी व्हायची. जाण्याइतकंच परतणंही त्यांनी धरलेलं होतं.

तेव्हा बहिणीसाठी आणि मेव्हण्यांसाठी माझी यादी अशी. पेन्शनच्या पीपीओवर बहिणीचं नाव बरोबर लागलंय ना, ते आधी बघा. हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो, ते दोघांनीही शिकून घ्या. ईसीएचएसचं कार्ड आणि वाटेतल्या पॉलिक्लिनिकांची यादी हाताशी ठेवा. मृत्युपत्र करा, त्यात अशुभ काही नाही. आरटीओला विचारल्याशिवाय गाडीत तोडफोड करू नका. बहिणीने गाडी चालवायला शिकावं, साठी उलटली म्हणून काय झालं? आधी एकच महिना फिरून या. आणि जागा सोडायचीच असेल तर एक खोली तरी कुठेतरी आपल्या नावाची ठेवा.

तशी खोली मिळेपर्यंत टपाल माझ्या पत्त्यावर आलं तरी चालेल. मी इथेच आहे. पंचाहत्तरीला आलेय, पण मावंद्याच्या पुरणपोळ्या अजून होतात माझ्या हातून. फक्त चार दिवस आधी कळवा, म्हणजे डाळ आणून ठेवते.