कृंतकांच्या मेंदूतील मानवी मूळपेशींचा अस्वीकार
मानवी मूळपेशी किंवा त्यांपासून वाढवलेल्या चेतापेशी माऊस, रॅट अशा कृंतक प्राण्यांच्या मेंदूत सोडल्यावर प्राण्याच्या रोगप्रतिकारयंत्रणेने त्यांना परक्या ठरवून नष्ट करण्याची क्रिया. (मराठीत माऊस आणि रॅट दोघेही उंदीरच, पण येथे त्यांच्यातला फरक महत्त्वाचा असल्याने नावे वेगळी ठेवली आहेत.)

मेंदू परक्या ऊतकाला थारा देतो, हे जुने निरीक्षण आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स मर्फी व अर्नेस्ट स्टर्म यांनी १९२३ मध्ये माऊसची अर्बुदे रॅटच्या मेंदूत लावली. मेंदूच्या आत ती वाढली. द्रवाने भरलेल्या विवराला टेकली, तर मात्र टिकली नाहीत. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशांच्या मेंदूत परक्या सशाची त्वचा लावली. ती तगली, पण ज्या सशांच्या अंगावर आधी परकी त्वचा लावून प्रतिकारशक्ती जागी केली होती, त्यांच्या मेंदूतली त्वचाही नाकारली गेली. या प्रयोगाचा पूर्वार्धच जास्त सांगितला जातो, हे खटकते. मेंदूतून परक्याची वर्दी उशिरा जाते, एवढाच त्याचा अर्थ. एकदा ओळख पटली की मेंदूही सुरक्षित नाही. २०१५ मध्ये माऊसच्या मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या आढळल्या आणि ही वर्दी मानेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत नेणारी एक वाट दिसली.

पेशी सोडणाऱ्या सुईनेच रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा फाटतो. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारपेशी गोळा होतात, पाठोपाठ टी पेशी येतात. केवळ मानवी केंद्रकांना चिकटणारे प्रतिपिंड वापरून मेंदूचा छेद रंगवला की हे उघड दिसते : सुरुवातीला गडद केंद्रकांचा दाट पुंजका, मग त्यातल्या रक्तवाहिन्यांभोवती लिंफपेशींची कडी, आणि शेवटी सुईच्या वाटेवरचा नुसता व्रण. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध न दिल्यास प्रौढ प्राण्यात बहुधा काही आठवड्यांतच हे घडते. खरी अडचण इथेच आहे. मानवी डोपामीन-चेतापेशी पक्व होऊन पार्किन्सनसारखा आजार घडवलेल्या रॅटची हालचाल सुधारायला चार-पाच महिने लागतात. तोवर पेशी उरायला हव्यात.

त्यासाठी सायक्लोस्पोरिन हे असे औषध देतात. रॅटमध्ये रूढ मात्रा दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम. महिनोन्महिने टोचलेले हे औषध मूत्रपिंडांना बाधते आणि चेतापेशींवर स्वतःही परिणाम करते. म्हणून सुधारणा पेशींमुळे की औषधामुळे, हे तपासण्यासाठी फक्त औषध दिलेला गट हवाच. थायमस ग्रंथी, आणि म्हणून पक्व टी पेशी, नसलेले प्राणी हा दुसरा मार्ग. स्टॅनफर्डमध्ये सर्जू पाश्का यांच्या गटाने २०२२ मध्ये मानवी मेंदूपेशींचे गोळे अशाच नवजात रॅटमध्ये वाढवले. कार्डिफच्या संशोधकांनी २००९ मध्ये तिसरी वाट दाखवली : जन्मताच मानवी पेशी टोचलेल्या रॅटनी मोठेपणी तशाच पेशी मेंदूत औषधाविना टिकू दिल्या. माऊसमध्ये नंतर झालेल्या प्रयत्नांत मात्र हे साधले नाही.

प्रतिकारशक्तीच नसलेल्या प्राण्यात पेशी जगल्या, यावरून रुग्णाच्या शरीरात काय होईल ते कळत नाही. शिवाय रॅटमधला अस्वीकार परजातीय असतो, रुग्णातला स्वजातीय आणि बहुधा सौम्य. तरीही क्योटो विद्यापीठात २०१८ मध्ये सुरू झालेल्या पार्किन्सनच्या चाचणीत दात्याच्या पेशींपासून बनवलेल्या चेतापेशी रुग्णांना देताना टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सोबत दिले गेले.