चौगुले, फडेप्पा दरेप्पा

ऑलिंपिक सामन्यांतील मॅरॅथॉन शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय धावपटू. ते बेळगावचे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुण्याची डेक्कन जिमखाना (स्थापना १९०६) ही मैदानी खेळांना उत्तेजन देणारी एक प्रमुख संस्था होती. १९१९ मध्ये तिच्या क्रीडासामन्यांचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांनी भूषविले. तेथील धावपटू बहुधा शेतकरी वर्गातील असून ते अनवाणी धावत. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते. तथापि लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांच्या वेळा यूरोपीय धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत, असे टाटांच्या लक्षात आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने त्यांनी १९२० च्या अँटवर्प (बेल्जियम) ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठविण्याचे ठरविले आणि त्यासाठी स्वतः अर्थसाहाय्य केले.

या संघात चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकाडी व बंगालचे अल्प पल्ल्याचे धावपटू पूर्मा बॅनर्जी हे चार धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरॅथॉन शर्यतीचे अंतर ४२·७५ किमी. म्हणजे पुढे रूढ झालेल्या ४२·१९५ किमी.हून अर्ध्या किमी.पेक्षा अधिक होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५·४ सेकंदांत तोडून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. विजेते हान्नेस कोलेहमाइनेन (फिनलंड) यांची वेळ २ तास ३२ मिनिटे ३५·८ सेकंद होती.

या अठरा मिनिटांच्या अंतराचा विचार करताना दोन्ही देशांतील साधनांचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत फिनलंडचा दबदबा १९१२ पासूनच होता. भारतात मात्र खेळाडूंची निवड करणारी राष्ट्रीय संघटनाही तेव्हा नव्हती. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. चौगुले यांच्या क्रमांकापेक्षा वरचा क्रमांक ऑलिंपिक मॅरॅथॉनमध्ये भारताला मिळण्यास ५६ वर्षे लागली. १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे शिवनाथ सिंग अकरावे आले. देशातील क्रीडासंघटना आकारास येण्यापूर्वी मिळालेले चौगुले यांचे यश भारतीय क्रीडेतिहासात म्हणूनच महत्त्वाचे ठरते.