मुक्ता : मोती आणि सुटका

संस्कृत कोशात 'मुक्ता' म्हणजे मोती. शिंपल्यातून सुटतो, म्हणून ते नाव. धातू 'मुच्', सोडणे. त्याच धातूच्या 'मुक्त' या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूपही 'मुक्ता'च. मराठी कानाला मात्र मोती क्वचितच ऐकू येतो, आणि याचे श्रेय तेराव्या शतकातील एका मुलीला द्यावे लागते.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही भावंडांची नावे वारकरी परंपरेत साधनेच्या पायऱ्यांसारखी वाचली जातात. वाचन सुंदर आहे. पण त्यात धाकटी बहीण निव्वळ तत्त्व होऊन बसते. 'ताटीच्या अभंगां'त ती माणूस आहे. ताटी लावून आत बसलेल्या थोरल्या भावाची ती समजूत घालते. कोंडलेला तो, सोडवणारी ती!

पुढे १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुलगीही मुक्ताच. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील विद्यार्थिनी. वेद केवळ ब्राह्मणांचे असतील तर आमच्यापाशी धर्मग्रंथच नाही, मग आम्ही धर्मरहित ठरतो, हा तिचा युक्तिवाद आजही वाचणाऱ्याला निरुत्तर करतो. व्याकरणदृष्ट्या 'मुक्त' हे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे सुटका होऊन गेलेली. या मुक्तेच्या लेखनात सुटका अजून मागावी लागते. घरावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल ती तिथे मांडते.