तिरप्या ठळक अक्षराचें कुळ

लातूरच्या आडतीच्या पाट्यांवर किंवा नांदेडच्या हस्तपत्रकांवर जें ठळक, तिरपें अक्षर दिसतें, त्याचें कुळ शोधूं लागल्यास मौज वाटते. पाश्चात्यांत तिरपें अक्षर १५०१ सालीं व्हेनिसच्या आल्डसनें आणलें, तें मजकुरासाठीं. कंगोरे नसलेलें अक्षर १८१६ सालीं लंडनच्या कॅस्लननें ओतलें. दोहोंची सोयरीक पुढें जाहिरातीनें जुळविली. आमच्या नागरीची रेघ मूळची बोरूची, जाड-बारीक. १८६९ सालीं निघालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागराचा सुबक खिळाही तिचीच री ओढतो. ती रेघ समजाड करणें म्हणजे बोरूच टाकून देणें! शिवाय खिळा चौकोनी. काना कलला कीं त्याचा माथा शेजाऱ्याच्या घरांत शिरतो. रंगाऱ्याच्या कुंचल्यास ही अडचण नाहीं.

मराठवाड्यांत १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाचा अंमल. दरबारची भाषा उर्दू, आणि तिची नस्तालीक मुळांतच उतरती. तेव्हां कलतें अक्षर येथील डोळ्यांस परकें नव्हतें. मात्र नस्तालीकींत सबंध शब्दच उतरतो. नागरींत शिरोरेषा आडवीच राहते व कलतो तो काना. म्हणूनच हें अक्षर धांवतें आहेसें भासतें. सोयाबीनच्या भावास ती धांव शोभते. निधनवार्तेस तेंच अक्षर लावणें आम्हांस तरी रुचत नाहीं.