घशात अडकलेलं नाणं

मुलाच्या घशात काही अडकलं की आपल्याकडे केळं खाऊ घालतात, भाताचा कोरडा गोळा गिळायला लावतात. वस्तू कुठे अडकली आहे, हे कुणी पाहत नाही. पूर्वी ते पाहायची सोयही नव्हती.

दहाव्या शतकात कुर्तुबा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कोर्दोबा इथे अबुल कासिम अल-जहरावी हे नामवंत शल्यवैद्य होऊन गेले. त्यांच्या ‘किताब अल-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात घशातला काटा काढण्याची युक्ती आहे: दोरा बांधलेला स्पंजाचा तुकडा गिळायला द्यायचा आणि दोरा ओढायचा. जीभ दाबून दिसेल तेवढं पाहायचं. त्याखाली सगळा अंदाज.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने हंसाच्या लांब मानेतून बिस्मथ खाली उतरताना क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिलं. ‘गिज़ा की नाली’ म्हणा की अन्ननलिका, ती काम करताना आता दिसू लागली.

समोरून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेतलं नाणं बहुधा पूर्ण गोल दिसतं. बटण सेलही गोलच, पण त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं.

पण एक्स-रेलाही मर्यादा आहे. चाळिशीतल्या वाचकांना पाच पैशाचं चौकोनी आणि वीस पैशाचं षटकोनी नाणं आठवत असेल. ती ॲल्युमिनियमची होती. हा धातू हलका, म्हणून एक्स-रेत पुसट दिसतो, कधी निसटतो. मेटल डिटेक्टर मात्र तो पकडू शकतो. माशाचा काटा आणि प्लास्टिक अनेकदा एक्स-रेत दिसत नाही. तिथे सीटी स्कॅन किंवा दुर्बीण लागते. ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणजे घशात काही नाही, असं नव्हे.

२०११मध्ये पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आता घरोघरी रिमोट आणि खेळण्यांतले बटण सेल आहेत. अडकलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतो. म्हणून पालकसभेत मी सांगतो: केळं नको, भात नको, उलटीही करवू नका. तसलीच दुसरी वस्तू सोबत घ्या आणि दारव्ह्यात एक्स-रेची सोय त्या वेळी नसेल, तर सकाळची वाट न पाहता यवतमाळ गाठा. हजार वर्षांपूर्वीच्या हकिमांकडे दोरा आणि स्पंजच होता. आपल्याकडे यंत्रं आहेत. मूल तिथे वेळेत पोचवणं आपलं काम.