तगरीवरची डोळेवाली अळी

७. डोळेवाली अळी : स्फिंजिडी कुळातल्या डॅफ्निस नेरी या पतंगाची अळी. लिनियसने १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. कण्हेर, तगर, सदाफुली ही तिची खाद्यझाडे. गिरगावातल्या वाड्यांत पूजेच्या फुलांसाठी कण्हेर-तगर हमखास लावलेली, त्यामुळे तिचा आढळ तिथे नवलाचा नाही. कण्हेरीचा विषारी चीक तिला बाधत नाही. अंग हिरवेगार, शेपटाशी आखूड शिंग, डोक्यामागे दोन निळे-पांढरे ठिपके. डिवचली की ती पुढचा भाग फुगवते आणि ते ठिपके वटारलेल्या डोळ्यांसारखे दिसतात. मूळ मजकुरातली मंडळी ‘सापाचे पिल्लू’ म्हणून ओरडतात ती यामुळेच. वस्तुतः ती पूर्ण निरुपद्रवी आहे. तिला मारू नये. कोषात जाण्यापूर्वी ती तपकिरी होते व खाली उतरून पाचोळ्यात शिरते. मजकुरात पुढे आलेले ‘हिरवे पाखरू’ म्हणजे तिचाच पतंग : पंख हिरवे, त्यांवर गुलाबी-पांढरी नक्षी. तिन्हीसांजेला तो फुलासमोर अधांतरी राहून सोंडेने मध पितो. कारवारकडे वनाधिकारी राहिलेले टी. आर. बेल आणि एफ. बी. स्कॉट यांचा भारतातील स्फिंजिडी कुळावरचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. — संपा.